खिडकीतलं पागोटं

वकीलसाहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण ते होते तेव्हा मी त्यांच्या हाताखाली नोकरीला होते, म्हणजे तेव्हाही बोलायची सोय नव्हती. मग बोलायचं कधी? मला राग लवकर येतो आणि आला की मुक्कामालाच येतो. हा त्यातलाच एक. पन्नास वर्षं झाली तरी उठायचं नाव घेत नाही.

नगर शहरात एका मंडळानं चालवलेलं लहानसं वस्तुसंग्रहालय होतं. गावातले लोक त्याला म्युझियमच म्हणायचे. नाणी, पोथ्या, ढाली-तलवारी, जुने कपडे, एक बिनदांड्याची पालखी, असा सगळा पसारा. मी तिसगावची, रसायनशास्त्राची पदवीधर. मुंबईला काही आठवडे राहून जुन्या वस्तू कशा जपायच्या याचं शिक्षण घेतलं आणि एकाहत्तरच्या सुमारास इथे लागले. वस्तू जमवणं हे माझं काम नव्हतं. आलेली वस्तू मरू द्यायची नाही, हे माझं काम.

वस्तू मरते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळवी येते, उंदीर येतात. त्यांचा बंदोबस्त सोपा असतो. खरी घातकी गोष्ट म्हणजे उजेड. तो रोज येतो, सगळ्यांना आवडतो, आणि कापडाचा, कागदाचा, चित्राचा रंग थोडा थोडा घेऊन जातो. एकदा नेलेला रंग जगातला कोणी परत आणू शकत नाही. त्याच्या खालोखाल हवा. फार कोरडी झाली की लाकूड तडकतं, फार ओली झाली की बुरशी धरते.

मी मंडळाकडून मागची उत्तरेकडची खोली मागून घेतली आणि तिचं स्टोअर केलं. खिडकीला आतून काळं कापड ठोकलं. कपाटांचे कप्पे मांजरपाटानं मढवले. नवा मांजरपाट तसाच वापरायचा नसतो, आधी पाण्यातून काढून काढून त्याची खळ पार घालवायची, नाहीतर त्या खळीलाच कसर लागते. हे सगळं मी माझ्या हातानं धुतलं. कप्प्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या टाकल्या. उन्हाळ्यात खोलीत पाण्याचे माठ ठेवायचे, पावसाळ्यात ते बाहेर काढायचे. भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र टांगलेलं होतं. सकाळी आल्यावर आधी त्याचा काटा बघायचे, मग चपला काढायचे.

वकीलसाहेब मंडळाचे सेक्रेटरी होते. वकिली चांगली चालायची आणि बोलणं तर असं, की समोरच्याला आपण हरलो हे घरी गेल्यावर कळायचं. त्यांना माझी अंधारी खोली पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्यांचंही एक कारण होतं, ते सांगायला हवं. आमच्या गावात एक समज पक्का होता. म्युझियमला दिलेली वस्तू काचेमागे दिसली नाही, तर ती विकली गेली. देणारा माणूस पाहुणे घेऊन यायचा, आजोबांची कट्यार शोधायचा, दिसली नाही की बाहेर पानाच्या टपरीवर उभा राहून बोंब मारायचा. वकीलसाहेब त्या बोंबेला घाबरायचे. "बाई, वस्तू लोकांनी बघायला दिलीय," ते म्हणायचे. "तुम्ही तिला पडद्यात बसवलंय."

मी समजावून सांगायची. थोडे दिवस बाहेर ठेवू, थोडे दिवस आत. दिवे कमी करू. दक्षिणेच्या मोठ्या खिडकीला जाड पडदा लावू. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या खिडकीपुढे आणखी एक काचेचं कपाट आणून ठेवायचे. दुष्काळ पडला तेव्हा तर त्यांनी भर बैठकीत सांगितलं, "गावात माणसांना पाणी नाही, आणि आमच्या बाईंची पालखी माठ माठ पिते." सगळे पोट धरून हसले. ते पाणी मी माझ्या खोलीवरच्या घागरीतून सायकलला कॅन लावून आणत होते. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मनात मात्र नोंद करून ठेवली.

आता ओढणीबद्दल.

झेंडीगेटच्या बाजूला एक म्हातारी राहायची. तिचे वडील रंगारी होते. तिच्या लग्नात त्यांनी स्वतः रंगवलेली ओढणी तिनं म्युझियमला आणून दिली. मलमलीसारखं पातळ रेशीम आणि रंग कुसुंबी. कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलाचा लाल. करडई आमच्या तिसगावकडे शेताशेतात असते, पण त्या पिवळ्या काटेरी फुलातून असा रंग निघतो हे मला ती ओढणी उलगडेपर्यंत ठाऊक नव्हतं. डाळिंबाचा दाणा उजेडात धरला की दिसतो तसा. हा रंग करायला फार जिकिरीचा आणि घालवायला फार सोपा. उजेडापुढे तो टिकतच नाही. विलायती रंगाच्या पुड्या आल्यावर तो करणारेही संपले.

"घरात उंदीर हायेत," म्हातारी म्हणाली. "सून ट्रंकेत कोंबंल. तुज्याकडं नीट ऱ्हाईल ना बेटी?"

"राहील," मी म्हणाले. "उन्हाची तिरीप लागू देणार नाही."

"मी ईद झाल्यावर यीन बघायला. दरसाल."

आणि ती आली. मी तिला स्टोअरमध्ये नेलं, हात धुवायला लावले, कप्पा ओढला, मांजरपाटाची घडी बाजूला केली. तिनं दोन बोटं ओढणीच्या काठावर ठेवली आणि वडिलांबद्दल बोलत बसली. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल असायचे, जेवतानासुद्धा. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. वकीलसाहेबांनी ते दारातून पाहिलं होतं. "एवढ्या चांगल्या वस्तूला कप्प्यात घातलंत," म्हणाले.

बहात्तरच्या उन्हाळ्याच्या शेवटाला माझी आई विहिरीवर पडली. मांडीचं हाड मोडलं. घरात करायला दुसरं कोणी नाही, म्हणून मी बिनपगारी रजा टाकली. स्टोअरची किल्ली वकीलसाहेबांच्या हातात देताना ओढणीच्या कप्प्यावर बोट ठेवून बजावलं, "हा उघडू नका. बाकी काय वाटेल ते करा."

"तुम्ही आईकडे बघा," ते म्हणाले. किती मायेनं म्हणाले!

तिसगावात आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. एरवी त्या महिन्यांत आभाळ भरून असतं, उजेड मऊ असतो. त्या साली ढग म्हणून नव्हता. आईच्या खाटेजवळ बसून मीही सगळ्यांसारखी आभाळाकडे बघत होते. तेच ऊन नगरात काय करतंय, हे मला कळायला मार्ग नव्हता.

दिवाळी आणि रमजान ईद त्या वर्षी पाठोपाठ आल्या. आई काठी घेऊन चालायला लागली तशी मी परतले. म्युझियममध्ये पाऊल टाकते तर म्हातारी आधीच आलेली, नातीचा हात धरून दक्षिणेच्या खिडकीपुढच्या कपाटाजवळ उभी. मी हसतच पुढे गेले. कपाटात एक ओढणी ताणून लावलेली होती. वाळल्या गवताच्या रंगाची.

कोणी मंत्री दुष्काळ बघायला आले होते, त्यांच्यासाठी वकीलसाहेबांनी ती कप्प्यातून काढली होती. मंत्री आले आणि गेले. ओढणी तशीच राहिली. शिपायानं हे मला नंतर सांगितलं. 

म्हातारी काचेला नाक लावून बघत होती. मग माझ्याकडे वळली. "ही माजी न्हाई."

"तुमचीच आहे, आजी. उन्हानं—"

"माजी लाल हुती. ही कुनाची आनून लावली?" तिचा आवाज चढला. "माजी कुठं हाय?"

तेवढ्यात वकीलसाहेब आतून आले. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. मी काढली, मी लावली, रंग उडाला, माझी चूक झाली. बस, एवढंच. ते शांतपणे म्हणाले, "स्टोअरची किल्ली बाईंकडे असते. आम्ही काय सांगणार?"

म्हातारीनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी कोणाला सांगू शकणार नाही. ती नातीला घेऊन निघून गेली. मी कपाट उघडायला गेले, तर वकीलसाहेब म्हणाले, "आज लोक आहेत. तमाशा नको."

ते कोर्टात गेल्यावर मी ओढणी उतरवून स्टोअरमध्ये नेली. तिची किनार आत दुमडून शिवलेली होती. तिथली शिवण दोन बोटं उसवली. आत लाल होतं, जसंच्या तसं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कोर्टात गेले, वकीलसाहेबांना बाररूमच्या बाहेर गाठलं. म्हटलं, "माझ्याबरोबर झेंडीगेटला चला. ओढणी तीच आहे आणि खिडकीत तुम्ही लावली होती, एवढं तिला सांगा. बाकी मला काही नको."

ते हसले. "बाई, कापड आहे. रंग उडाला तर उडाला. म्हातारीच्या घरी जाऊन मी काय जबानी देऊ?"

मी एकटीच गेले. म्हातारीनं मला दारातच उभं केलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "कुनाला दिलीस तेवडं सांग. मी कुनाला बोलनार न्हाई. फकस्त परत आन."

किनारीतल्या लाल रंगाचं मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि दार लोटलं. वस्तू म्युझियमबाहेर न्यायची मला परवानगी नव्हती, आणि नेली असती तर चोरीचा शिक्का खराच झाला असता. तिला परत म्युझियममध्ये ये म्हणावं, तर ती आता कशाला येते?

त्या दिवशी झेंडीगेटवरून सायकल हातात धरून चालत येताना मी ठरवलं. म्हातारीच्या दारात, वकीलसाहेबांच्या तोंडून ते एक वाक्य मला हवं होतं. ते मिळणार नसेल, तर त्यांच्या घरची एखादी वस्तू अशीच गेलेली बघायची होती. नोकरी सोड, असं आई म्हणाली. मी म्हणाले, आता तर मुळीच नाही.

आणि बघा, फार थांबावं लागलं नाही. गुढीपाडव्याला मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असायचा. त्यात वकीलसाहेबांनी स्वतःच्या पणजोबांचं पागोटं म्युझियमला समारंभानं अर्पण केलं. त्यांच्या घरात रीत अशी, की लग्नाच्या दिवशी नवरदेव मांडवाकडे निघण्याआधी घरातला वडीलधारा माणूस हे पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवणार, सगळे नमस्कार करणार, मग ते उतरवून पेटीत जाणार. त्यांच्या वडिलांच्या डोक्याला ते लागलं होतं, त्यांच्या स्वतःच्या लागलं होतं. म्हणून अट एकच होती, लग्नापुरतं ते घरी न्यायचं. टाळ्या झाल्या.

पागोटं लाल होतं. मी त्याचा एक सुटा धागा काढला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. धागा पिवळा झाला. वर लिंबू पिळलं. परत गुलाबी. कुसुंबा!

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. तो धागा मी बराच वेळ बशीत बघत बसले होते.

"कुठे ठेवू, साहेब?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? मोठ्या खिडकीपुढे. आल्या आल्या दिसलं पाहिजे." मग माझ्याकडे बघून मिस्कीलपणे, "का? पडद्यात बसवायचा विचार आहे?"

"छे, तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणाले.

उजेडानं काय होतं हे त्यांना मी आधी इतक्यांदा सांगितलं होतं, की पुन्हा सांगायचं मला काही कारण दिसलं नाही. पागोट्याची दर्शनी बाजू मी हॉलकडे केली आणि पाठ खिडकीकडे. मग मनापासून कामाला लागले. खिडकीची काच रोज सकाळी मी स्वतः पुसायची, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. खिडकीबाहेर कडुलिंब होता, त्याची सावली कपाटावर यायची. शेळ्यांना कुठे पाला मिळेना म्हणून एक शेळीवाली फाटकाशी घुटमळत असे. तिला आत बोलावलं आणि म्हटलं, खिडकीवरच्या सगळ्या फांद्या ने. तिनं मला तोंडभर आशीर्वाद दिले. पुण्य आणि सूड एकाच कोयत्यानं उरकले.

सोपं होतं असं नाही. माझ्या हातांना वेगळी सवय होती. खिडकीला एक जुना पातळ पडदा होता; दुपारी ऊन पागोट्याच्या पाठीवर आलं, की हात आपोआप त्याच्याकडे जायचा. शेवटी मी तो पडदाच काढून धुवायला टाकला आणि परत लावला नाही.

त्या वर्षी पाऊस आला, शेतं हिरवी झाली, लोकांच्या तोंडावर तेज आलं. माझ्या तोंडावर आलं नाही. म्हातारी ईदनंतर आली नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दाराकडे बघत होते. संध्याकाळी पागोट्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ते तेव्हा पायरीच्या विटेसारखं झालं होतं. अजून वेळ आहे, असं मनाशी म्हणाले.

वकीलसाहेब पाहुण्यांना घेऊन त्याच कपाटापुढे थांबायचे, पणजोबांच्या गोष्टी सांगायचे. समोरून ते लालच होतं. मागे जाऊन बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माघात त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. सावेडीला तेव्हा नवीन प्लॉट पडत होते. तिथे त्यांनी बंगला बांधला होता आणि पुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. आदल्या दिवशी ते पागोटं न्यायला आले. मी मांजरपाटात व्यवस्थित बांधून, दोन्ही हातांनी, मान खाली घालून दिलं. "बाई, तुम्हीही या हं," ते म्हणाले.

मी जाणार नाही असं होणं शक्यच नव्हतं. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले, अंबाड्यात अबोली घातली आणि बायकांच्या घोळक्यात पुढे जाऊन उभी राहिले. नवरदेव पाटावर बसला होता. वकीलसाहेबांनी गाठोडं सोडलं, पागोटं दोन्ही हातांत उचललं, कपाळाला लावलं आणि मुलाच्या डोक्यावर ठेवलं. समोरून सगळं छान दिसत होतं. नवरदेवाच्या पाठीमागे मात्र कुजबुज सुरू झाली. मग एक आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, हे अर्धं कोणी धुतलं?"

लोक पुढे सरकले. कोणीतरी मुलाला वळवलं. लाल पागोट्याची पाठ वाळल्या गवताच्या रंगाची होती. मधे कुठेतरी रंग हळूहळू पुसट होत गेला होता, फार सुबक. मांडवात हसू पिकलं. फोटो काढणाऱ्याला कोणीतरी थांब म्हणालं.

वकीलसाहेबांनी पागोटं उचललं, फिरवून पाहिलं.  आणि मग ज्यासाठी मी दहा महिने काचा पुसल्या होत्या ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं. "हे आमचं नाही. हे बदललंय कोणीतरी!"

मी पुढे झाले. पागोटं त्यांच्या हातातून घेतलं आणि पाठीकडच्या गुंडाळीचा वरचा पेच उचलून दाखवला. आत लाल होतं.

"बदललेलं नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तुमचंच आहे. मोठ्या खिडकीपुढे ठेवा, तुम्हीच सांगितलं होतंत. म्हातारीची ओढणीही तिथेच लावली होतीत. तिलाही हेच वाटलं, की मी बदलली. तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय का?"

 त्यांच्या पत्नीनं विचारलं, "कोण म्हातारी?" मी सांगितलं. मांडवातच, शालू नेसलेल्या त्या बाईला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तिचा तळतळाट लागला. तो घेऊन सून घरात यायची का? आत्ता जा आणि तिच्यापुढे खरं बोला. पागोटं घेऊन जा, तिचा हात फिरू दे त्याच्यावरून. मुहूर्ताला वेळ आहे."

हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. मी त्यांचं नाक कापलं जाईल एवढंच धरून चालले होते, आणि इथे म्हातारीच्या दारातलं ते वाक्य ताटात वाढून येत होतं. त्यांच्या गाडीत पुढे ते, मागे त्यांची पत्नी आणि मी. मांडीवर पागोटं घेऊन मी बसले होते. आयुष्यात इतकं सुखानं मी कुठल्याच गाडीतून गेले नाही.

म्हातारी अंगणात गहू निवडत होती. लग्नाच्या कपड्यांतली माणसं बघून उठली. वकीलसाहेब उभे राहिले, खाकरले आणि बोलले. "ओढणी तीच आहे. या बाई नव्हत्या तेव्हा मी ती काढून उन्हात लावली. रंग उन्हानं गेला. यांनी काही केलेलं नाही."

"मंग तवा का न्हाई सांगितलं?" म्हातारीनं विचारलं.

एवढा मोठा वकील! ते खाली बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले, पोटभर.

म्हातारी माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेतला. "बेटी, म्या तुला चोर म्हनलं."

मला रडू आलं. जिंकल्याचंच होतं ते, दुसरं काही नव्हतं.

मग वकीलसाहेबांच्या पत्नीनं गाठोडं सोडलं. म्हातारीला पागोट्याचं सगळं सांगितलं, एकदा हात फिरवा म्हणाली. म्हातारीनं पागोटं घेतलं. फिकट पाठीवरून हात फिरवला आणि मी मांडवात उचलला तोच पेच उचलून आतला रंग डोळ्यांजवळ नेला.  तिचे ओठ हलायला लागले.

"ह्ये नगरातच रंगवल्यालं हाय का?"

"असणार," वकीलसाहेब म्हणाले. "आमचे पणजोबा इथलेच."

"मंग ह्ये आमच्या घरचं हाय," ती म्हणाली. "नगरात कुसुंबा आमच्याच घरात व्हायचा. दुसऱ्या कुनाला येतच न्हवता. ह्यो आब्बांचा न्हाईतर दादांचा, आब्बांच्या बापाचा हात." तिनं पागोटं उलटसुलट केलं. "आब्बांच्या हातचं जगात ती येक ओढनीच ऱ्हायली आसं म्या समजत हुते. दुसरं हाय ह्ये ठावं न्हवतं."

दोन्ही कापडं कुसुंबी हे मला ठाऊक होतं. सोडा आणि लिंबू घालून मी ते सिद्ध केलं होतं. रंगवलं कोणी, हे विचारायला मी गेले नव्हते.

"ह्ये खिडकीत कुनी ठिवलं?" तिनं मला विचारलं.

"मी. साहेबांनीच सांगितलं होतं."

"तुला ठावं हुतं की, ऊन काय करतं ते."

"यांनी तुमची ओढणी घालवली, आजी! वर मला चोर ठरवलं. मी काय गप्प बसायचं होतं?"

"त्यास्नी ठावं न्हवतं," म्हातारी म्हणाली. "तुला ठावं हुतं."

तिनं पेच जिथल्या तिथे बसवला, पागोटं मांजरपाटात गुंडाळलं आणि गाठ मारली. माझे हात सवयीनं पुढे झाले होते, वस्तू ताब्यात घ्यायचं काम माझंच. तिनं ते हात पाहिले आणि गाठोडं वकीलसाहेबांच्या हातात दिलं.

"तुमी घरीच ठिवा, पेटीत," ती त्यांना म्हणाली. "हिच्याकडं दिऊ नका."

वकीलसाहेबांनी मान डोलावली आणि ते घेतलं. बाकीच्या सगळ्याची फिट्टंफाट झाली असं मी एकवेळ म्हणेन. माझ्यासमोर त्यांनी जी मान डोलावली, तिची माफी त्यांना मी दिलेली नाही.